शिबसेच्या बांधावरचे हात

आश्विनातल्या अमावस्येचं उधाण होतं. दुपार कलल्यावर हालिमन नेहमीसारखी बांधावर निघाली. बांधातून पाणी सोडायची उघाडी नीट बंद आहे की नाही हे पाहायचं काम गावाने तिच्याकडे दिलं होतं. मागच्या वादळात बांध फुटला, तेव्हा तिचा नवरा मोकसेद आणि गावातली बरीच माणसं शिबसा नदीत वाहून गेली. त्यातली बहुतेक सापडलीच नाहीत. तेव्हापासून तिला या कामावरून कुणी हटवलं नव्हतं. घरी आंधळी सासू आणि रांगती मुलगी. घर बांधाच्या आत, नदीपेक्षा खाली.

उघाडी ठीक होती. पण तिच्या पलीकडे बांधाच्या पोटातून पाणी बुडबुडत होतं, आणि ते गढूळ होतं. माती आतून वाहून जाऊन नदीकडच्या उतारात भगदाड पडलं होतं.

तिने हाक दिली. पाऊस सुरू व्हायच्या आत गावचे पुढारी मातब्बरचाचा यांनी बायाबापड्यांची रांग उभी केली. मशिदीच्या उंचवट्यावरून खणलेले पिवळ्या मातीचे गोळे हातोहात येऊ लागले. हालिमन भगदाडात कमरेइतक्या पाण्यात उतरली. तिच्या डावीकडे शेजारची कदबानू होती.

"भाबी, जरा भराभर लाव. घरी माझा भात करपतोय," कदबानू म्हणाली.

"तुझा भात रोजच करपतो. आज नदीच्या नावावर खपव."

कदबानू हसली. मग पाऊस असा कोसळला की हसणंही ऐकू येईना. ढगांनी दिवसाउजेडी अंधारून आलं. नदी बांधाच्या ओठाशी आली होती. हालिमन मान खाली घालून गोळा घेत होती, दाबत होती, पुन्हा हात पुढे करत होती. मध्येच लांब कुठेतरी आरडाओरडा झाला, धावती पावलं वाजली. तिचा हात क्षणभर रिकामा राहिला.

मग गोळा आला. पण उजवीकडून.

उजवीकडे नदी होती.

गोळा गार होता, काळा, आणि त्याला नदीच्या तळाचा वास होता. त्यात शिंपल्यांचे तुकडे बोचत होते. तिने तो लावला. दुसरा आला. देणाऱ्या हाताला तिची बोटं लागली. फार दिवस पाण्यात राहिल्यावर होते तशी कातडी... मऊ, सुरकुतलेली, ढिली.

"कोण... कदबानू?"

पुढचा गोळा आला.

वर पाहावं असं तिला एकदाच वाटलं. तिने पाहिलं नाही. पाहिलं तर आपण किंचाळू, आणि किंचाळलो तर हे हात थांबतील, एवढं तिला कळत होतं. भगदाड अजून भरलं नव्हतं. तिने दात आवळले आणि हात पुढे केला.

हात बदलत होते. एक रुंद होता. एकाच्या मनगटात बांगडी होती. एक इतका लहान की त्याला गोळा पेलत नव्हता. तिने दोन्ही हातांनी तो अलगद घेतला. मोकसेदच्या करंगळीचं पेर मोडलेलं होतं. प्रत्येक गोळ्यासरशी ती करंगळी चाचपत राहिली. ती मिळाली की नाही, हे तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

"द्या," ती पुटपुटली. "अजून द्या... थांबू नका."

पाण्याचा बुडबुडाट आधी मंदावला, मग बंद झाला. त्याबरोबर हातही यायचे थांबले.

बऱ्याच वेळाने कदबानू कंदील घेऊन धावत आली. "भाबी, तू जिवंत आहेस... उत्तरेला बांध खचला. मातब्बरचाचांनी सगळ्यांना तिकडे पळवलं. मी तुला हाका मारल्या गं, तुला ऐकूच गेलं नाही." मग तिने कंदील पुढे धरला. "एवढी माती कुठून आणलीस?"

"आली," हालिमन म्हणाली.

सकाळी ओहोटी लागली. उत्तरेचा बांधही लोकांनी सावरला होता; गाव कोरडं होतं, शेतात भात उभं होतं. नदीकडच्या उतारावर पावलं उमटली होती. खरं तर पाण्याने ती पुसली जायला हवी होती. रांगेने ती नदीतून वर आली होती आणि काळ्या मातीच्या भरावाशी संपत होती. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

मातब्बरचाचा पावलांशी वाकले. "हा भराव उकरून नवा घालू," ते हळूच म्हणाले.

"उकरायचा नाही, चाचा," हालिमन म्हणाली. "वरून माती चढवायची. संध्याकाळी पुन्हा भरती आहे."

ती कुणाची वाट न बघता उतारावर बसली. पिवळ्या मातीचा एक गोळा तिने उचलला आणि भरावापाशी नेला.

तो टेकवायच्या आधीच काळ्या मातीच्या आतून कुणीतरी तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

हालिमनचा हात तसाच हवेत राहिला. मग ती मागे वळली आणि गोळे घेऊन आलेल्या कदबानूला म्हणाली, "दुसरा दे."