गळा उघडा ठेव

शिरूरच्या स्टँडवर तेजश्रीनं फायबरचं पोतं एसटीत चढवलं, तेव्हा कंडक्टर पोत्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. पोतं तिच्याहून उंच होतं आणि ती ते एका हातानं सहज ओढत होती.

"काय भरलंय वं ताई? वारा?"

"बाहुल्यांचं पोट," ती म्हणाली.

"मग बसवा मागच्या शिटावर. पोटाचं तिकीट न्हाई घेत आपण."

ती हसली. न्हावऱ्यापर्यंत मग कुणाशी बोलायची वेळ आली नाही. उसाची तोड संपलेली, रानं उघडी पडलेली, टोळ्या आपापल्या मुलखाला गेलेल्या. फाट्यावर उतरून पोतं डोक्यावर घेऊन ती मळ्याच्या रस्त्यानं निघाली. गावापासून तुटून तिकडे दोनच घरं. एक तिच्या आत्याचं, ताईबाईचं, आणि भिंतीला भिंत लावून दुसरं अमीरबी चाचीचं.

ताईबाई हिवाळ्यात गेली. मूलबाळ नाही, नवरा कधीच वारलेला. क्रोशावर लोकरीच्या बाहुल्या विणणं एवढाच तिचा उद्योग. जाताना ती एक भरलेली ट्रंक ठेवून गेली. ट्रंकेत डोकी एका पिशवीत, हात दुसरीत, पाय तिसरीत, धडं चौथीत. सगळं विणून तयार, पण जोडलेलं एकही नाही. शिरूरच्या अनुपमा मॅडम आपल्या खेळण्यांच्या दुकानासाठी त्या बाहुल्या घेणार होत्या आणि त्यांचा टेम्पो उद्या सकाळी यायचा होता.

तेजश्रीला त्या बाहुल्यांचं प्रेम होतं अशातला भाग नाही. तिला ते घर हवं होतं. बी.कॉम. होऊन भांडगावला घरी बसायचं, आलेल्या स्थळांपुढे चहाचा ट्रे धरायचा, हे तिला मरणाहून नकोसं झालं होतं. म्हणून आत्याच्या घराची किल्ली उचलून ती सरळ इथं राहायला आली होती. आप्पा, म्हणजे तिचे वडील, तेव्हापासून धुमसत होते.

"सोबतीला माणूस न्हाई. गावाभाईर घर. मला रातच्याला झोप लागत न्हाई, पोरी."

"तुमच्या झोपेसाठी मी माझं आयुष्य घालवू का?"

शेवटी पैज लागली. आत्याची ऑर्डर तिनं एकटीनं पुरी केली, तर आप्पा परत न्यायचं नाव काढणार नव्हते. नाही झाली, तर तिनं गुमान गाडीवर बसायचं. टेम्पो यायच्या सकाळी आप्पा स्वतः बघायला येणार होते. 'एकटीनं' हा शब्द तिचाच होता. तिनं तो मुद्दाम दोनदा उच्चारला होता.

घरी पोचली तर अमीरबी चाची निघायच्या तयारीत. दौंडला त्यांच्या निलोफरचे दिवस भरले होते. खांद्याला पिशवी, रस्त्यावर रिक्षा उभी, आणि तरी त्या तेजश्रीच्या दारात थांबल्या होत्या.

"हातपाय भर, धड भर, डोळे बसव. पन गळा बांधू नको. मी येस्तवर गळा उघडा ठेव."

"का?"

"गळा बांधताना एकटं नसावं बेटा. तुझी आत्या गळ्याला हात घातला की हाक मारायची, अमीर… मी हिकडून ओ द्यायची. ओ ऐकली की मगच धागा ओढायची. आम्ही बाहुल्या करनाऱ्या सगळ्या असंच करतो."

"आणि न ऐकता ओढला तर? बाहुली उठून चालायला लागते?"

"बाहुलीचं काय न्हाई." चाचीनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "बाई दिवसभर एकटी बसून पोकळ वस्तू भरती. तिला कुनी ओ द्यावी का नको?"

असलं काही ऐकलं की तेजश्रीच्या डोक्यात तिडीक जायची. म्हाताऱ्या माणसांना साधा नियम साधा सांगता येत नाही. कारण विचारलं की ते काहीतरी कापसात गुंडाळून हातात देतात.

"चाची, टेम्पो उद्या सकाळी येतोय. तुम्ही येणार परवा. तो रिक्षावाला हॉर्न देऊन देऊन मरेल, जावा आता. निलोफरला सांगा, पोरगी झाली तर पहिली बाहुली माझ्याकडून."

चाची गेल्या. रिक्षाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला आणि मग एकदम यायचा थांबला.

तेजश्री पुढच्या खोलीत चटईवर बसली. ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याच्याखालून आत्याच्या हाताचा, तंबाखूचा. ती कामाला लागली. फायबर, म्हणजे कृत्रिम कापूस, हातात घेतलं तर वजनच लागत नव्हतं. पिंजून पिंजून ते आत सारायचं, पेन्सिलीच्या बोथट टोकानं बोटांपर्यंत, टाचांपर्यंत ढकलायचं. कमी झालं तर अंग लोंबतं, जास्त झालं तर टाक्यांतून पांढरं बाहेर डोकावतं. आधी डोळे बसवायचे, मागून चकती दाबायची, मग डोकं भरायचं. सगळ्यात शेवटी गळा. त्याच्या काठानं धागा ओवायचा आणि नाडीसारखा ओढून घ्यायचा.

दुपार चढली तशी बाहेरची पाखरंही गप्प झाली. पत्रा तापून मधूनच कडकन वाजे. पहिला गळा ओढला आणि धागा तुटला. दुसऱ्यांदा दुहेरी धागा घेतला, तोही तुटला. तिसऱ्यांदा गाठ बसली. पण तिनं बाहुली खाली ठेवली, तसा गळा आपोआप सैल पडला आणि आतलं फायबर हळूच वर आलं. कुणी उसासा सोडावा तसं.

तिला संताप आला. लोकरीवर, आत्यावर, चाचीवर.

"घ्या," ती मोठ्यानं म्हणाली. "मारली हाक. कुणी आहे का? द्या आता ओ."

"ओ."

भिंतीपलीकडून. हळू, पण लगेच. खूप वेळ कान देऊन बसलेल्या माणसानं द्यावी तशी.

तिचा हात आपोआप ओढला गेला. धागा असा बसला की धड कुठे संपतं आणि मान कुठे सुरू होते ते कळेना.

"सोडून गेला ना रिक्षावाला?" ती हसत म्हणाली. "चाची, चहा ठेवू का?"

भिंत गप्प.

"रुसलात? अहो, ऐकू येतंय का?"

"ओ."

चाचीचा स्वभाव तिला ठाऊक होता. रुसल्या की कामापुरतं बोलायच्या. तिनं दुसरी बाहुली घेतली आणि 'ए' अशी हाक मारली. ओ आली. तिसरी. चौथी. काम असं पळायला लागलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. आणि एक गोष्ट तिनं कुणापुढे कबूल केली नसती. त्या ओ-साठी ती थोडी लवकर लवकर गळ्यापर्यंत येत होती. कितीतरी दिवसांत त्या घरात तिच्या शब्दाला शब्द मिळाला नव्हता. फोनवर आप्पांचे सुस्कारे, कॉलेजातल्या मैत्रिणीचे, मोनालीचे मेसेज, तेही आता आठवड्याला एक. रात्री जेवताना ती मोबाइलवर कसलेतरी व्हिडिओ लावून ठेवायची, समोर कुणीतरी बोलत असावं म्हणून.

मग ती बोलत गेली. आप्पांशी झालेलं भांडण सांगितलं. कॉलेजातली एक गोष्ट सांगितली, जी मोनालीलाही ठाऊक नव्हती. इथं संध्याकाळी दिवा लावताना ती मोठ्यानं गाणं का म्हणते, तेही सांगितलं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती विचारायची, "ऐकताय ना?" आणि ओ यायची. ना सल्ला, ना उपदेश. मोठ्या माणसांनी असंच ऐकावं, तिला वाटलं.

ओ आता भिंतीपलीकडून येत नव्हती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मधली एक मागच्या अंगणातून, शेवग्याखालून आली होती. त्यानंतरची स्वयंपाकघराच्या दाराशी. चाची येरझाऱ्या घालत असतील.

ऊन पिवळं पडलं तेव्हा फोन वाजला. मागून रेल्वेचा भोंगा आणि तान्ह्या मुलाचं रडणं.

"पोरगी झाली बेटा. बाहुली काढून ठेव."

तेजश्रीच्या मांडीवर शेवटची बाहुली होती. तिनं ती घट्ट धरली.

"चाची… तुम्ही दौंडला कधी पोचलात?"

"दुपारीच की. का गं?"

"मग तुमच्या घरात कोण आहे?"

"कुलूप हाय. किल्ली माझ्यापाशी…" चाचीचा आवाज खाली आला. "कुनाला हाक मारलीस तू?"

"कुणाला नाही. नुसतं म्हणाले, कुणी आहे का…"

"नाव न घेता?"

तेजश्रीनं भिंतीकडे पाहिलं.

"नावानं मारलेली हाक त्या मानसाची असती," चाची सावकाश म्हणाल्या. "बिननावाची… जिला कुनीच हाक मारत न्हाई, तिची. किती गळे राह्यले?"

"एक."

"ऱ्हाऊ दे तो. उठ. रस्त्यावर जाऊन बस… भाईर पड तू आधी." पलीकडे कुणीतरी चाचीला बोलावलं आणि फोन बंद झाला.

उठ म्हणणं सोपं होतं. एक बाहुली उघडी राहिली की ऑर्डर अपुरी, आणि ऑर्डर अपुरी की भांडगाव. उद्या सकाळी आप्पांपुढे काय सांगायचं? एकटी होते म्हणून भ्याले? का एकटी नव्हते म्हणून? पुरी झालेली रांग भिंतीला टेकून बसली होती. काळे चकचकीत डोळे, आणि सगळ्यांच्या माना अगदी ताठ.

हाक मारायचीच नाही, तिनं ठरवलं. नुसता धागा ओवायचा. ओठ आवळून तिनं सुई घातली.

"ओ…"

स्वयंपाकघरातून. कुणी बोलावलं नसताना.

ती थांबली. डांबरगोळ्यांचा वास अंगाला चिकटल्यासारखा झाला.

"ओ… ओ…" आवाज चिडका नव्हता, तेच वाईट होतं. दाराबाहेर उभं करून विसरलेल्या माणसासारखा होता. आपल्याला परत बोलावतील म्हणून आधीच उत्तर देऊन ठेवणारा.

तिनं एक टाका घातला. दुसरा घातला. धाग्याचं टोक बोटाला गुंडाळलं, पण ओढवेना.

तेवढ्यात मागच्या वाटेनं मोटारसायकल आली. तो आवाज ती झोपेतही ओळखेल. आप्पा. एक दिवस आधी. गाडी बंद झाली. स्वयंपाकघराची कडी वाजली. आप्पा रागावले की लेकीचं नाव घेत नसत.

"ए… कोन हाय का घरात?"

"ओ," आतून उत्तर गेलं.

दिवसभराच्या सवयीनं तेजश्रीचा हात ओढला गेला. गळा मिटला. ऑर्डर पुरी झाली.

आत कडी निघाली. माठातून पाणी ओतल्याचा आवाज आला. आप्पा काहीतरी बोलले, थांबले, पुन्हा बोलले. तेजश्रीनं मिटलेला गळा मुठीत धरला. मग पावलं घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली. आप्पा उंबऱ्यात उभे राहिले. हातात स्टीलचा पेला.

"सोबतीला बाई ठिवलीस, मला सांगायचं न्हाईस का?"

तेजश्रीनं मांडीवरची बाहुली खाली ठेवली.

"मी न्यायला आल्तो तुला. म्हनलं बास झालं नाटक." त्यांनी भिंतीकडच्या रांगेवर नजर टाकली. "झाल्या व्हय समद्या? एकटीनं केल्या का दोघींनी, मी इचारत न्हाई. ऱ्हा तू. घरात दुसरं मानूस हाय म्हनल्यावर मला काय घोर न्हाई."

"आप्पा… ती दिसते कशी?"

"मला इचारतीस?" ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. "पदर लई पुढं वढलेला. जयभीम केला तर नुसती मान हलवली. गरीब वाटली." पेला त्यांनी तिच्या हातात दिला. "हात मातर… पानी देताना लागला जरासा. एवढा मऊ हात मी बघितला न्हाई. आत हाडच न्हाई जनू."

मला घेऊन चला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द छातीतून निघाले आणि गळ्याशी येऊन आवळले गेले. आजवर या माणसाला ती किती काय काय सुनावत आली होती, एकदाही अडखळली नव्हती.

"आत जा. दिवेलागण झाली," आप्पा म्हणाले. त्यांनी गाडीला किक मारली. शेवग्याला वळसा घालून लाल दिवा मळ्याच्या रस्त्याला लागला.

मग ती धावली. अंगण ओलांडून वाटेपर्यंत गेली आणि हाक मारायला तिनं तोंड उघडलं. गाडी लांब गेली होती. नावानं मारलेली हाक त्या माणसाची. पण ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही तर मग कुणाची, हे चाचीनं सांगितलं नव्हतं.

तिनं तोंड मिटलं. लाल ठिपका फाट्याकडे गेला आणि दिसेनासा झाला.

पाठीमागे, घरात, खट्ट करून बटण दाबल्याचा आवाज आला, आणि तिच्या पायांपुढच्या मातीवर उजेडाचा एक चौकोन पडला. त्यात दोन सावल्या होत्या.