पाचव्याचा डबा

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पैजेवर सांगतो. मलासुद्धा पटायला दोन वर्षं लागली, आणि मी तर तिथे हजर होतो, हातात व्हॅनच्या किल्ल्या घेऊन!

"काका, मागच्या वेळी तुम्ही अस्वलाला लिफ्ट दिली होती," नील म्हणाला.

"ती थाप होती. हे खरं आहे."

बाहेर ॲन आर्बरचा जानेवारी. नीलची गाडी बर्फात अडकलेली, त्यामुळे श्रोते पळून जाण्याची भीती नव्हती. नीलची बायको अंतरा चहा ओतत होती. त्यांच्या बारा वर्षांच्या आन्याने फोन उलटा ठेवला होता. याहून मोठा पुरस्कार मला आयुष्यात मिळालेला नाही. टेबलाच्या टोकाला आमची शेजारीण सुलेखा संक्रांतीच्या वड्या कापत होती. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये असते. बोलते कमी, वड्या सरळ कापते.

तर... साडेतीन वर्षांपूर्वीचा जुलै. आपल्या गावात सत्तर देशांचा क्रीडामहोत्सव भरला होता. खेळाडूंना राहायला विद्यार्थ्यांची हॉस्टेलं दिलेली. मी नुकताच रिटायर झालो होतो, म्हणून व्हॅन चालवायला व्हॉलंटियर. वाट्याला आला एक बेटांचा देश. नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. देश एवढासा, की नकाशावर माशी बसली तर दिसेनासा व्हावा. राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून उठावं, तर पाठ सरळ होईपर्यंत संपलेलं.

"काका!" अंतरा हसली.

टीम केवढी? धावणाऱ्या दोन बहिणी, एक पोहणारा, एक वजनं उचलणारा, आणि त्यांच्या कोचबाई. त्यांची कार्डं, जेवण, हजेरी बघायला दुसरी व्हॉलंटियर होती. आपल्यातलीच मुलगी. रेणू म्हणू या तिला.

पहिल्याच दुपारी रेणूने हॉलमध्ये गळ्यात घालायची कार्डं वाटली. खेळाडू चार, कार्डं पाच. चौघं वर खोल्यांत गेले. उरलेलं कार्ड उलटून तिने नाव वाचलं, "ते...मो?"

"इतकं सावकाश माझं नाव कुणी घेत नाही," मागून आवाज आला.

वळून बघते तर एक मुलगा. उंच, सावळा, आणि केसांतून पाणी निथळतंय... बाहेर रखरखीत ऊन, आणि हा टपटप टपटप.

"पोहून आलास?"

"मी होडी वल्हवतो. पण... हो. पोहावंही लागलं."

"फोटोत तर कोरडा दिसतोस."

"जुना आहे फोटो," तो हसला. कार्ड घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि फ्रीजमधून काढलेल्या चमच्यासारखं गार काहीतरी तिच्या कोपरापर्यंत चढलं. तिने हात मागे घेतला नाही. का घेतला नाही, हे ती दिवसभर स्वतःला विचारत राहिली.

"सो, अ घोस्ट," आन्या म्हणाली. "ऑब्व्हियसली."

"तुला ऑब्व्हियस आहे गं, तू इथे चहाबरोबर ऐकतेयस. प्रेमात पडणाऱ्याला वाटतं, मुलगा जरा जास्त आंघोळ करतो."

कॅफेटेरियातलं जेवण म्हणजे उकडलेला पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी रेणूने थालीपिठं करून आणली. आपली सवय! माणसं मोजून डबे, आणि यादीत पाच नावं, म्हणून डबे पाच. पाचवा तिने तेमोच्या हातात दिला आणि उगाच ऐट दाखवत म्हणाली, "आणि हे बघ, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत."

"मग काय घालून देतात?"

"घरात जे असेल ते."

दुसऱ्या सकाळी डबा तिच्या टेबलावर. उघडला तर आत ओली वाळू, एक शिंपला, आणि नखाएवढा खेकडा. तो हजेरीच्या कागदावरून तुरुतुरु चालत गेला. मिशिगनमध्ये! आजूबाजूला सरोवरं आहेत, सगळी गोड पाण्याची. त्या वाळूचा कण मी जिभेवर ठेवून बघितला. खारट.

"इऽऽ!" आन्या.

"तुम्ही का चाखलीत?" अंतराने विचारलं.

"कारण तोपर्यंत मला शंका यायला लागली होती. रोज व्हॅन भरली की रेणू म्हणायची, 'पाच झाले काका, निघा.' मी आरशात बघायचो, तर मागे खेळाडू चारच. कोचबाई माझ्या शेजारी. शेवटच्या सीटवर रेणू, आणि तिच्या बाजूची जागा मोकळी. पण उतरल्यावर नेमकी तीच जागा ओली चिंब. मी टॉवेल अंथरायला लागलो."

"आणि ते दोघं काय बोलले ते तुम्हाला कसं कळलं?" नीलने डोळे बारीक केले. सॉफ्टवेअरमधला माणूस, चूक शोधायचा पगार घेतो.

"मला निम्मं ऐकू यायचं. ती बोलायची, मग थांबायची... मग लाजून हसायची. मला वाटलं, कानात ते फोनचं बटण घातलंय. 'असं बघू नकोस, लोक बघतात,' म्हणायची. मग गप्प. मग, 'हो का? मग मी पण नाही बघणार.' आणि परत खिदळणं. दुसरं निम्मं तिने मला नंतर सांगितलं."

टेबलाच्या टोकाला सुरीचा आवाज जरा मंदावला होता.

मग आला होड्यांच्या शर्यतीचा दिवस. सहा रांगा, सहा होड्या. रेणू काठावर, गळ्याच्या शिरा ताणून ओरडतेय, "तेमो! चल! अजून! अजून!" सहाव्या रांगेत तो पाठ वाकवून वल्हवतोय, पाणी उडतंय, आणि तेवढ्यात तो मान वळवून तिच्याकडे बघतो! शर्यतीत कुणी बघतं का? पण बघितलं.

शेजारच्या व्हॉलंटियर मुलीने तिच्या कोपराला हात लावला. "कुणासाठी ओरडतेयस? सहावी होडी रिकामी आहे ना."

रेणूने पुन्हा बघितलं. होडी होती, वल्ही होती. फक्त... ती होडी कोचबाईंच्या विनंतीवरून सुरुवातीच्या खांबाला बांधून ठेवलेली होती, शर्यतीत नुसती जागा धरायला. दोर सुटला म्हणा. वाऱ्याने ढकलली म्हणा. मी म्हणणार नाही, कारण वारा समोरून होता. सगळ्या होड्या गेल्यावर तीही शेवटच्या रेषेपर्यंत आली, सरळ, आणि थांबली.

चहा निवला होता. कुणी घोट घेत नव्हतं.

कोचबाईंनी रेणूला बाकावर बसवलं. "आमच्याकडे समुद्रात गेलेल्याचं नाव यादीतून काढत नाहीत," त्या म्हणाल्या. "तेमो इथे येण्यासाठी सराव करत होता. वादळात गेला. ताट वाढतो, जागा ठेवतो, नाव लिहितो. त्याच्यावर जीव असलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने खोडलं, तरच ते नाव जातं. त्याची आई खोडत नाही. आम्हाला तो दिसत नाही गं. तुला... कसा आहे तो?"

"ओला," रेणू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना विमानतळावर नेलं. रेणूच्या हातात हजेरीचा कागद आणि पेन. मागच्या सीटवर ती बोलत होती, मी रेडिओ बंद केला.

त्याचं निम्मं तिने सांगितलं ते असं. तो म्हणाला, "तू खोडलंस, तर मी झोपेन. फार दमलोय मी, रेणू. नाही खोडलंस, तर चार वर्षांनी पुढची स्पर्धा जिथे असेल, तिथे येईन. तू ठरव."

"तुला काय हवंय?"

"आज सकाळी दिलेला तुझा डबा अजून माझ्याकडे आहे. मला रिकामा परत देता येत नाही... तुमच्यात देत नाहीत ना?"

ती हसली. रडता रडता हसली. आरशात मला ती एकटीच दिसत होती, पण तिचे डोळ्यांवर आलेले केस... ते आपोआप बाजूला झाले. गाडीच्या काचा बंद होत्या हो.

"मग?" आन्या पुटपुटली. "व्हॉट डिड शी डू?"

आता इथे मी थांबलो. सगळ्यांकडे बघितलं. गोष्टीला शेवट नीट लागतो, नाहीतर पोरांना झोप येत नाही.

"मग काय! शहाणी मुलगी. दुसऱ्याला दमलेलं ठेवणं म्हणजे प्रेम नव्हे, हे तिला कळलं. तिने पेन उचललं, त्याच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, आणि मागची सीट, मी शपथेवर सांगतो, लख्ख कोरडी झाली. तेमो गेला तो गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही. रेणूचं लग्न झालं, टेक्सासला असते, दोन मुलं आहेत."

नीलने मोठा श्वास सोडला. अंतराने डोळे पुसले. "छान केलं तिने," ती म्हणाली.

टेबलाच्या टोकाला सुरी थांबली. सुलेखाने वड्यांचं ताट बाजूला सारलं आणि संध्याकाळभरात पहिल्यांदाच मान वर केली.

"खोटं बोलताय, काका," ती म्हणाली. "मी नाही खोडलं. या उन्हाळ्यात माझा डबा परत यायचाय."