तिसऱ्या खोलीत कुणी हात वर केला नाही

बस यायला अकरा मिनिटं होती आणि ओला बर्फ तिरपा पडत होता. थांब्याचा पत्रा अर्धा उडालेला, कोरड्या जागेत जेमतेम दोन माणसं मावतील. एक तरुण मात्र बाहेरच भिजत उभा राहिला.

"आत या ना," फुयुमी कुराता म्हणाली.

"तुमचा कोट ओला होईल."

"आणि उद्या तुम्ही तापानं फणफणलात तर माझ्या डोक्याला ताप."

तो हसला. आत सरकला. खांद्याला खांदा लागला, ओल्या लोकरीचा वास आला आणि दोघांनी एकदमच रस्त्याकडे पाहिलं.

त्याचं नाव सेइगो. तातामी चटया शिवायचं काम करायचा. धाकटी बहीण चिनात्सुनं सोमवारी समोरच्याच शाळेची प्रवेश परीक्षा दिली होती, त्याबद्दल चौकशीला आला होता.

"इंग्रजी ऐकायच्या प्रश्नांना मागचा स्पीकर खरखरला. शेजारच्या खोलीत एक मुलगी रडली, तर त्यांना तेवढा भाग दुपारी पुन्हा दिला. आमच्या चिनात्सुच्या खोलीत कुणी बोललंच नाही."

"कितवी खोली?"

"तिसरी. शुक्रवारपर्यंत पर्यवेक्षकानं लेखी दिलं तरच फेरपरीक्षा, म्हणतात. घरच्यांचं सांगणं चालत नाही... तुम्ही इथेच असता?"

"हो, इंग्रजी शिकवते," ती म्हणाली. तिसऱ्या खोलीत आपणच होतो, हे काही तिच्या तोंडून निघेना.

खरखर तिनंही ऐकली होती. नियमाप्रमाणे विचारलंही होतं – ऐकू आलं नसेल त्यांनी हात वर करा. अडतीस मुलं खाली मान घालून बसली. एकानं हात वर केला की सदतीस जण खोळंबणार. आपल्यापायी इतरांना तोशीस नको, हे इथे पाळण्यापासून शिकवतात. फुयुमीनं फॉर्मवर लिहिलं : तक्रार नाही.

बुधवारी तो पुन्हा थांब्यावर.

"आज कसली चौकशी?"

"आज? बसच्या वेळेची."

"ती खांबावर लिहिलीय."

"मला वाचता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. ती इतकी हसली की बस निघून गेली.

गुरुवारी ती लेखी कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी तो वाचला आणि तिच्याकडेच परत सरकवला.

"कुराता-सान, शेजारच्या खोलीनं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं म्हणून आधीच फोन येताहेत. आता आणखी अडतीस? एकदाच ऐकून मुकाट्यानं लिहिलं त्या दोनशे मुलांना काय सांगू? आणि तुम्ही त्याच दिवशी का नाही लिहिलंत?"

कागद तिनं पर्समध्ये ठेवला. शुक्रवारचे पाच वाजले, तेव्हाही तो तिथेच होता.

तरी सेइगो रोज येत राहिला. पुढच्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्याच्या बोटांवरचे सुईचे घट्टे तिला पाठ झाले. सांगायचं रोज ठरायचं... आणि रोज बस यायची.

निकालाच्या दिवशी फलकावर चिनात्सुचा नंबर नव्हता.

"जेवली नाही," सेइगो म्हणाला. "ताटासमोर नुसती बसून आहे..." मग रस्त्याकडे बघत – "आज हे बोलायचा दिवस नाही. पण तू आवडतेस मला, फुयुमी. आज दिवसभर तेवढ्याच आधारावर उभा आहे."

"सेइगो... तिसऱ्या खोलीत मी होते."

तो तिच्याकडे वळला.

"खरखर मी ऐकली होती. लिहून द्यायला गेले, त्यांनी 'नको' म्हटलं, मी परत आले. शुक्रवारपर्यंत वेळ होता. मी दुसऱ्यांदा गेले नाही."

"चिनात्सु म्हणाली होती," तो हळूहळू म्हणाला, "खरखर झाली तेव्हा बाईंनी मान वर केली. मी तिला खोटं पाडलं. म्हटलं, बाईंना ऐकू आलं असतं तर त्या बोलल्या असत्या."

"तू रागव तरी—"

"आधी घरी जाऊन तिची माफी मागतो."

बस आली. तो चढला नाही. वाकून नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा, आणि घरच्या चार किलोमीटरच्या रस्त्याला पायीच लागला.

"रोजचे ते येत नाहीत का?" ती चढल्यावर ड्रायव्हरनं दार उघडंच ठेवून विचारलं.

"नाही," फुयुमी म्हणाली. "निघा तुम्ही."