पलीकडून येणारी सुई

विमानाचे पंख शिवायचे आहेत, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. मी सोलापूरच्या भवानी पेठेत शिवणकाम करणारा त्रिंबक. मांडवाच्या कनाती, ट्रकच्या ताडपत्र्या, गाद्यांच्या खोळी, एवढीच माझी झेप. पण निरोप धाडणारे शंकरप्पा साहेब स्वतः जीप घेऊन दारात आले आणि मला नि माझ्या भीमाला विमानतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. साहेबांनी दोन जणांचं एक जुनं विमान विकत घेतलं होतं. ते पूर्वी दुधनीकडे एका शेतात पडलं होतं आणि चालवणारा तरुण जागीच गेला होता. हे त्यांनी लपवलं नाही. पंखांचा लाकडी सांगाडा सुतारानं नवा केला होता. त्यावर कापड चढवून शिवायचं, एवढं आमचं काम.

"एक अट आहे, त्रिंबक," साहेब म्हणाले. "ज्यानं पंख शिवले, त्यानं पहिल्या फेरीला माझ्या मागं बसायचं. म्हणजे टाका ढिला पडत नाही."

"मी बसतो की," भीमा लगेच म्हणाला.

ऐन विशीतलं पोर, त्याला कसली भीती? भीती मला होती. एकुलता एक तो. आई गेल्यावर बार्शीला मामाकडे वाढला आणि आत्ता कुठं माझ्याजवळ राहायला आला होता. सोलापुरात राहूनही कानडी त्याला ओ की ठो कळत नसे, पेठेतली पोरं त्यावरून त्याची टर उडवायची.

पंख शेडमध्ये एका कडेवर उभा केलेला, मधे भिंत असावी तसा. अलीकडे मी, पलीकडे भीमा. मी लांब सुई आरपार ढकलायची, त्यानं ती ओढून लाकडी फासळीच्या दुसऱ्या बाजूनं परत पाठवायची, मग मी गाठ मारायची. एकमेकांना आम्ही दिसत नव्हतो. म्हणून सुई पाठवण्याआधी ताणलेल्या कापडावर बोटानं टकटक करायचं, असं ठरलेलं. कापड ताठ करायला जे रोगण लावतात, त्याचा पिकल्या केळ्यासारखा वास शेडमध्ये कोंडलेला असे.

त्या दुपारी काम फार सुरेख चाललं होतं. टकटक, सुई, गाठ. भीमाचा हात तसा घाईचा, पण आज सुई नेमकी माझ्या बोटांपाशी येत होती. पोराला काम उमजलं म्हणून मी मनातून खूश होतो. तेवढ्यात पलीकडून हलकेच आवाज आला.

"बा..."

"काय रं?"

"बा..."

"आलो, आलो. एवढी गाठ मारू दे की."

गाठ मारता मारता सहज दाराकडे पाहिलं. बाहेर उन्हातून भीमा सायकलवर येत होता.

आणि कापडावर टकटक झाली. सुई माझ्या बोटांत आली.

"बा, दोऱ्याचं मेण संपलं व्हतं," भीमा आत येत म्हणाला. "सांगून गेलो की तुला. ऐकलं न्हाईस व्हय?"

मी पलीकडे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. दोरा मात्र शेवटच्या फासळीपर्यंत ओढलेला होता.

दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरानं भुताखेतांचं नाव टाकलेलं. भीमाला मी काही बोललो नाही. फाटकावरच्या राखणदार चनमल्लप्पाला मात्र सांगितलं. तो दुधनीचाच, त्या गेलेल्या तरुणाला ओळखणारा.

"बिचारा बापाला हाक मारतोय," मी म्हणालो.

"बाप कुटला? त्याला कानडीबिगर काय येत न्हवतं. 'बा' म्हंजे ये. तुमी काय म्हनला मग?"

"आलो म्हनलो."

"आमच्यात 'बंदे' म्हनत्यात. तेच झालं की."

तेवढी कानडी मलाही कळते. पण पोटचं पोर ज्या शब्दानं हाक मारतं, त्याचा दुसरा अर्थ कसा ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी त्या दुपारचे सगळे टाके उसवले आणि भीमाला पलीकडे बसवून, त्याच्याशी सतत बोलत, पुन्हा घातले.

पहिल्या फेरीच्या सकाळी भीमा नवा सदरा घालून आला होता. मी त्याला बाजूला सारून मागच्या जागेवर चढलो. ओ मी दिली होती. ज्यानं दिली त्यानंच जावं. पोरगं रागानं पाठ फिरवून उभं राहिलं.

वर गेल्यावर मी डोळे मिटून घेतले. इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. साहेबांनी तळ्यावरून वळसा घेतला आणि विमान अलगद खाली टेकवलं. जमिनीला पाय लागले तेव्हा मला रडू आलं. बोलावलं होतं, जाऊन आलो. फिटलं.

भीमा कुठं दिसेना. चनमल्लप्पानं शेडकडे बोट केलं. "तुमी वर गेल्यापासनं आत हाय. एकटंच काय तरी बोलतंय."

रुसला असेल म्हणून मी लाडानं हाक मारली. "भीमा, ये की रं भायेर."

आतून ताणलेल्या कापडावरची टकटक ऐकू आली. पंख तर सगळे विमानाला लावलेले, माझ्या मागं उन्हात होते.

मग माझ्या भीमाचा आवाज आला.

"बंदे..."