डोंगराला हनुवटी नसते

तो स्टुडिओत शिरला तो पाठमोरा. बाहेर आकाशात त्याला काहीतरी दिसलं होतं आणि ते नजरेआड होऊ नये म्हणून तो उलटा चालत आत येत होता. मी "अहो, सांभाळून—" म्हणेपर्यंत त्याची पाठ माझ्या दिव्याच्या स्टँडला लागली. एका हाताने मी स्टँड धरला, दुसऱ्या हाताने त्याची बाही. स्टँड सावरला. बाही सोडायची मात्र मी विसरले.

"माफ करा," तो म्हणाला. "ढग बघत होतो."

"दुकानात शिरताना लोक दार बघतात."

"पुढच्या वेळी दार बघेन."

पुढच्या वेळी... आयडी कार्डाचा फोटो काढून गेलेला माणूस वर्षानुवर्षं परत फिरकत नाही. तरी ते शब्द माझ्या कानात रेंगाळत राहिले.

स्टुडिओ बाबांचा. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून कॅमेरा माझ्याकडे आणि काउंटर त्यांच्याकडे. मी मुळात भित्री. कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघणारी, फोन वाजला की आधी वाईट बातमीच धरून चालणारी. पण स्टुडिओत मला कशाची भीती वाटत नसे. तिथे उजेड मी ठेवीन तिथे राहतो, माणूस मी सांगीन तिकडे वळतो. मोठमोठे साहेब त्या स्टुलावर बसले की शाळेतल्या पोरांसारखे खांदे सरळ करतात.

हा मात्र ऐकेना.

"हनुवटी जरा खाली. आता माझ्याकडे बघा."

"बघतोय."

"तुम्ही माझ्या कानाकडे बघताय."

"डोळ्यांकडे बघितलं की हसू येतं. आणि कार्डावर हसलेलं चालत नाही ना?"

काउंटरवरून बाबांचा खोकला ऐकू आला. बाबांना सर्दी वगैरे काही नव्हती.

तो गावाबाहेरच्या डोंगरावरच्या हवामान केंद्रात कामाला होता. वारा, पाऊस, ढग यांची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. निघताना दारात थांबून म्हणाला, "आम्हाला केंद्रावरून दिसणाऱ्या चारही दिशांचे फोटो हवेत. कुठला डोंगर किती लांब, ते नव्या माणसाला कळावं म्हणून. धुक्यात नजर कुठवर पोचते, ते त्यावरूनच ठरवतात. तुम्ही काढाल?"

"मी फक्त माणसांचे फोटो काढते."

"डोंगर माणसांपेक्षा शहाणे असतात. हलत नाहीत."

"जाईल ती," बाबा काउंटरवरून म्हणाले.

"बाबा, अहो—"

"पडद्यावर रंगवलेलं आकाश सोडून दुसरं कधी बघितलंयस तू?"

मी गेले. केंद्राची जीप घ्यायला आली होती आणि प्रत्येक वळणावर मी सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. वर पोचले तर वारा असा, की ओढणी सांभाळू की कॅमेरा, कळेना. ट्रायपॉड उभा केला, डोळा लावला... आणि काय करायचं तेच सुचेना. समोर एवढं सगळं होतं, आणि त्यातलं काहीच माझ्याकडे बघत नव्हतं.

"जरा इकडे..." सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

तो मागेच उभा होता. "डोंगराला हनुवटी नसते हो."

"माहीत आहे मला."

"नाही, तुम्ही सांगून बघा. तुमचा शब्द कुणी मोडत नाही म्हणतात."

ते सगळे फोटो वाया गेले. घरी स्क्रीनवर लावून बघितले तर प्रत्येक डोंगर बरोबर मधोमध, नाकासमोर बघत, आयडी कार्डासाठी बसवल्यासारखा. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ओळख पटते. एवढंच." मला रात्रभर झोप लागली नाही. आपल्याला आपलं एकुलतं एक कामही येत नाही की काय?

मी पुन्हा गेले. मग पुन्हा. शरमेने गेले, असं स्वतःला सांगत राहिले.

केंद्रावर त्याच्याशिवाय एक वयस्कर सहकारी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. नाना चहा करायचे आणि आम्ही दोघं कठड्याशी बसून उजेडाची वाट बघायचो. मला वाट बघता यायची नाही. चेहऱ्याला हसवता येतं, दटावता येतं. ढगाला काय सांगणार?

"तुम्ही फार घाई करताय," तो म्हणायचा.

"तुम्हाला बसून राहायचा पगार मिळतो. मला नाही."

"बसून राहायचा नाही, बघत राहायचा. आणि त्यात सध्या माझं जरा नुकसानच होतंय."

"ते कसं?"

"बघायचं असतं पूर्वेला..." एवढं म्हणून तो उठून पर्जन्यमापकाकडे निघून गेला. मी बसले होते ती बाजू पूर्वेची नव्हती.

मग एका सकाळी ते घडलं. ढगाची सावली समोरच्या उतारावरून हळूहळू सरकत होती. तिच्या मागोमाग एकेक शेत उजळत गेलं, मग एक पायवाट, जी मी इतक्या फेऱ्यांत पाहिलीच नव्हती, मग एका छपराचा पत्रा चमकला आणि विझला. मी बटण दाबायचंही विसरले. चेहऱ्यांसमोर मी कायम त्यांचा अंदाज घेत असते. आवडतंय ना यांना, कंटाळले तर नाहीत? इथे कुणाला माझी गरज नव्हती, कुणी मला पसंत-नापसंत करणार नव्हतं. आधी त्याचीच भीती वाटली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे किती बरं आहे. मी अगदी कडेला, कोपऱ्यात ती पायवाट घेतली आणि बाकी सगळा फोटो सावलीला देऊन टाकला.

बाबांनी तो फोटो बघितला आणि चष्मा पुसला.

पण भित्र्या माणसाची भीती जात नाही, फक्त पत्ता बदलते. आता ती त्याच्या दारात जाऊन बसली. कारण तो बदलला होता. आधीची थट्टा बंद झाली. बोलताना तो ढगांकडे बघे, नोंदवहीकडे बघे, माझ्या बुटांकडे बघे... माझ्याकडे नाही. चेहरे वाचणं माझा धंदा, आणि हाच एक चेहरा माझ्यापुढे कधी नीट येत नव्हता. कंटाळला असेल. किंवा कुणी ठरलेली असेल. किंवा माझंच काहीतरी चुकलं असेल. घरी भाजी चिरतानासुद्धा माझी ही यादी वाढत जायची.

शेवटचा, दक्षिणेचा फोटो राहिला होता. त्या दुपारी मी वर पोचले तेव्हा वारा मोजायचं यंत्र अडकलं होतं. ते थोडं लांब, डोंगराच्या धारेवर एका खांबावर बसवलेलं होतं. तो "आलोच" म्हणून गेला. आणि दरीतून ढग वर आला. आधी खांब गेला, मग कुंपण, मग खिडकीबाहेरचं सगळंच पांढरं झालं.

"येईल," नाना स्टोव्ह पेटवत म्हणाले. "पायाखालची वाट आहे त्याच्या." मग कप मांडता मांडता सहज बोलले, "आता त्याच्या जागी येईल त्याला पहिल्यापासून शिकवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर."

"त्याच्या जागी?"

"बदली झाली ना त्याची. समुद्रकाठच्या केंद्रात. पुढच्याच आठवड्यात निघायचंय." नानांचा हात थांबला. "बोलला नाही तुम्हाला?"

मी नकारार्थी मान हलवली. पण रडायलाही वेळ मिळाला नाही, कारण चहा उकळून निवला तरी तो आला नव्हता. नानांनी दार उघडून हाक मारली. वाऱ्याने ती तिथल्या तिथे गिळली.

"येईल," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती, पण जबडा आवळलेला होता. माणूस घाबरल्याचं लपवतो तेव्हा तोंडाचा कुठला भाग त्याला दगा देतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

"त्या वाटेला कडा आहे का?" मी विचारलं.

नाना पुन्हा दाराशी गेले.

मी बॅग उपसली. फ्लॅश काढला आणि बाहेर पडले. कुंपणाची तार चाचपत, तिच्या शेवटच्या खांबापर्यंत गेले. त्याच्यापुढे धरायला काहीच नव्हतं. फ्लॅश डोक्यावर धरून मी बटण दाबलं. पांढरी भिंत लख्ख पेटली आणि विझली. पुन्हा चार्ज होईपर्यंत तो बारीक शिट्टीसारखा आवाज करतो, तेवढा वेळ मी श्वास धरून राही. पुन्हा. पुन्हा. मागून नाना हाका मारत होते. मनात एकच चाललं होतं, बॅटरी आधी संपू नये.

फ्लॅशचा आवाज मंदावला होता, तेव्हा डावीकडून दगड घरंगळल्यासारखं झालं आणि तो दिसला. जवळजवळ रांगत येत होता. केसांतून पाणी गळत होतं, एक तळवा खरचटला होता.

"उजेड उजव्या हाताला दिसला," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटत होतं, केंद्र समोर आहे... मी कड्याकडेच चाललो होतो."

"तू कुठे होतास?" मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं. तू. इतके दिवस अहो-जाहो केलं आणि ते असं एका वाक्यात गळून पडलं. "तुला कळत नाही? इतका वेळ... आणि तू जाणारेस, ते मला नानांकडून कळतं?"

नाना मागच्या मागे वळले. "चहा पुन्हा गरम करतो," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? गाडीत बसल्यावर?"

"तुला तोंड बघून सगळं कळतं. हुकूम आला त्या दिवसापासून तुझ्यासमोर मान वर करायची हिंमत झाली नाही. बघितलं असतंस, तर तुला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

त्याने मान वर केली. एवढ्या जवळून, सरळ डोळ्यांत, पहिल्यांदाच. पापण्यांवर थेंब होते. कुठलाही दिवा लावायची गरज नव्हती. सगळं दिसत होतं.

"कळलं?" त्याने हळूच विचारलं.

"कळलं. पण तोंडाने सांग. मला नुसत्या अंदाजावर झोप लागत नाही."

"मला जायचं नाहीये. आणि जावंच लागलं, तर तुझ्याशिवाय जायचं नाहीये. यातलं काय जमेल... मला खरंच माहीत नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले. मग भीतीने पुन्हा तोंड दाबायच्या आत बोलून टाकलं. "पण मला तू हवा आहेस."

पुढच्या आठवड्यात तो गेला. फोन यायचे. रेंज गेली की मी खोलीत येरझारा घालायचे. तिकडे नवी माणसं असतील, त्याला सवय होईल, मी हळूहळू मागे पडेन... आणि बाबांना सोडून मी जाणार तरी कशी? महिने गेले. मी गिऱ्हाइकांचे फोटो काढत राहिले आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरचा रस्ता, पूल, मोकळी मैदानं. बाबा सगळं बघत होते.

एका सकाळी मी स्टुडिओत पोचले, तर बाबा कॅमेऱ्यामागे उभे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला आणि त्यांच्या मुठीत वायरचं बटण.

"बाबा, हे काय?"

"हात थरथरतात माझे, डोकं नाही. ट्रायपॉड काय नुसता तुझ्या डोंगरांसाठी असतो?" स्टुलावरच्या बाईंना त्यांनी हनुवटी खाली घ्यायला लावली, बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या ढगवाल्याकडे जाऊन ये. इथे तुझं तोंड बघून गिऱ्हाइकं गंभीर व्हायला लागलीत."

रात्रभराचा प्रवास करून मी समुद्राकाठी उतरले. सगळं सपाट होतं. करडी वाळू, करडं पाणी, त्यावर करडं आकाश. केंद्राकडे चालताना एकच विचार मनात होता. त्याचा चेहरा वेगळंच काही बोलला तर?

तो फाटकाशी उभा होता. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. तोही झोपला नव्हता, हे लांबूनच दिसत होतं.

"इथे डोंगर नाहीत," तो घाईघाईने म्हणाला. "झाडंही नाहीत. तुला फोटोत घ्यायला तसं... काहीच नाही. आवडलं नाही तर—"

"आधी मला नीट बघू तर दे."

मी समुद्राकडे बघितलं. मग त्याच्याकडे. चेहरा तेच बोलत होता. माझ्या खांद्यांवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं.

"तू राहतोस कुठे?" मी विचारलं.

"ती शेवटची खोली. एकट्या माणसाला एकच देतात. दोन खोल्यांचं क्वार्टर लग्न झालेल्यांना मिळतं. त्याला अर्ज करावा लागतो." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "करू का?"

"कुणाकडे?"

"आधी तुझ्याकडे. मग बाबांकडे. खात्याकडे सगळ्यात शेवटी."

"मंजूर," मी म्हणाले. आवाज कापत होता, पण शब्द नीट बाहेर पडला.