लांगीचा कोपरा

"डुकरांनी? एवढा मोठा दगड डुकरांनी पळवला?" सिआले ओरडलीच.

"आवाज खाली कर, पोरी!" सहलींचा ठेकेदार विलिसोनी म्हणाला. "डुकरं मोकाट, आणि तुझे आजोबा झाडाखाली घोरत पडलेले! सोमवारी गावप्रमुखांना सांगणार आहे, राखणदार बदला म्हणून."

लांगी म्हणजे जुन्या राजांची पायऱ्यापायऱ्यांची दगडी समाधी. आजोबा तीस वर्षं तिच्याभोवतीची जागा झाडत होते, पण त्यांनी तिच्यावर कधी पाय ठेवला नव्हता. आज तिचा कोपऱ्याचा दगड नाहीसा झाला होता आणि आजोबा मान खाली घालून उभे होते. ते पाहून सिआलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुट्टीत चुलत भावंडं फिनाऊ आणि लोसे आली होती. टोंगातल्या सगळ्या प्रसिद्ध जुन्या वास्तू पाहायचा तिघांचा बेत होता.

"सहल गेली चुलीत!" सिआले म्हणाली. "आधी दगड शोधायचा."

"सिआले, डुकराला चाकं असतात का गं?" फिनाऊने विचारलं. चिखलात ट्रकच्या चाकांचे ठसे होते!

ठसे थेट विलिसोनीच्या अतिथिगृहापाशी थांबले. दारात नवी पायरी होती आणि तिच्यावर चटई.

"अगं बाई! इतकी बारीक विणलेली चटई, आणि बुटांखाली?" लोसेने तोंडावर हात ठेवला. "अशी चटई तर आपण लग्नात कमरेला गुंडाळतो!"

सिआलेने चटई उचलली. खालच्या दगडात वाकडा शिंपला रुतलेला होता. लहानपणापासून ती त्यात बोट घालत आली होती.

"हा आमचा दगड आहे!"

"शिंपले इथल्या सगळ्याच दगडांत असतात!" विलिसोनी आतून धावत आला. "मोठ्या माणसाला चोर म्हणता? निघा इथून!"

तिघं निघाली. "मोठ्यांपुढे आपलं कोण ऐकणार?" फिनाऊ कुरकुरला.

"त्याच्याहून मोठं माणूस आणू या की!" सिआले म्हणाली आणि बायका चटया विणत बसायच्या त्या घराकडे पळाली. तिथे विलिसोनीची आत्या होती. टोंगात आत्यापुढे बापाचाही आवाज चढत नाही, मग भाच्याची काय कथा!

आत्या आली तशी विलिसोनी मुकाट्याने जमिनीवर बसला.

"ही चटई कोणी विणली?"

"तू, आत्या."

"कशासाठी?"

"माझ्या... लग्नासाठी."

"आणि तू ती बुटांखाली घातलीस! खालचा दगड कुठला?"

विलिसोनी चटईवरची माती झटकू लागला.

"मी विचारतेय!"

"लांगीचा," तो पुटपुटला. "पाहुण्यांना जुनी पायरी आवडेल म्हणून..."

"उद्या रविवार, कामाला हात लावायचा नाही. दिवस मावळायच्या आत दगड जागेवर गेला पाहिजे. आणि लांगीवर पाय पडला तर बघ!"

संध्याकाळी विलिसोनी आणि त्याचे दोन गडी घामाघूम होऊन दगड बसवत होते. अख्खं गाव बघत होतं.

"आम्ही डुकरांना हाकलत बसलो असतो," गावप्रमुख म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो!"

"पण आजोबांना झोपाळू म्हणाला, त्याचं काय?" सिआलेचा राग अजून उतरला नव्हता.

आत्याने आजोबांच्या हातातला झाडू घेऊन भाच्यापुढे धरला. "सोमवारपासून झाडणार तू. हे झाडाखाली बसून लक्ष ठेवतील. आणि वाटलंच त्यांना, तर खुशाल घोरतील!"

आजोबा हसले, तेव्हा कुठे सिआलेही हसली.