न पोचलेलं पाणी

कुडाळच्या पलीकडल्या त्या शाळेत वाळवंटाचा धडा नेमका आषाढात यायचा. बाहेर कौलांवरून धारा लागलेल्या आणि आत केळुसकर बाई सांगताहेत, की जगात असेही प्रदेश आहेत जिथे पाऊस वर्षानुवर्षं फिरकत नाही. मुलं माना डोलवायची. पण ज्यांच्या विहिरी कधी आटल्या नाहीत, त्यांना तहान चित्रातून कशी कळावी?

यंदा मात्र शाळेत अनुभवपट्ट्या आल्या होत्या. मानेवर केसांच्या मुळाशी चिकटवायची, बोटभर रुंदीची मऊ पट्टी. थरच्या वाळवंटात संशोधकांनी काही प्राण्यांच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढे टिपक बसवले होते. ऊन, भूक, भीती, ओढ, प्राण्याला जे जे जाणवेल ते त्याच्या मज्जातंतूंतून टिपक टिपून घेई आणि पट्टी तेच मुलांच्या मज्जातंतूंपर्यंत अगदी हलकेच पोचवी. चित्र नाही, आवाज नाही. नुसती जाणीव.

वर्गात धमाल उडाली. मिहीर वाळवंटी उंदीर झाला. हा उंदीर कोरड्या बियांतूनच लागेल तेवढं पाणी मिळवतो. समोर पाण्याची बाटली असूनही मिहीरला प्यावंसं वाटेना आणि त्याचं त्यालाच हसू येत होतं. एक मुलगी सांडा नावाचा वाळवंटी सरडा झाली. बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून भर दुपारी गारव्यात पडून राहण्यातलं सुख तिनं सगळ्यांना रंगवून सांगितलं.

दुर्वा परबच्या वाट्याला पखुर्डीचा नर आला. बाईंनी आधी समजावलं होतं. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा हा पक्षी. पिल्लांना उडता येत नाही आणि पाणवठा कोसांवर. म्हणून बाप सकाळी पाण्यात पोट बुडवून बसतो. पोटावरची पिसं कापसासारखी पाणी धरून ठेवतात. तसाच भिजलेला तो उडत परततो आणि पिल्लं ती पिसं चोखून तहान भागवतात.

तास संपला, पट्ट्या निघाल्या. बाईंनी दुर्वाला विचारलं, कसं वाटलं? तिनं फ्रॉकचा पुढचा भाग घट्ट मुठीत धरला होता.

"मी अजून पोचले नाही," ती म्हणाली.

मुलं हसली. बाईही हसल्या.

आठवडा उलटला नाही तोच दुर्वाचे वडील शाळेत आले. सिद्धेश परबांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. माणूस एरवी बोलका, पण आज व्हरांड्यात रेनकोट निथळत उभा राहिला आणि शब्द शोधू लागला. पोर उठल्याबरोबर व्हाळावर जाते, ओढ्याच्या छातीभर पाण्यात बसते आणि भिजल्या कपड्यांनी उत्तरेच्या रस्त्याला लागते. अडवलं तर रडत नाही, नुसता हात झिडकारते. घरी आणून कपडे बदलले की ताप भरतो. डॉक्टर झाले, देवाला नारळ ठेवून झाला.

"बाई, ह्या काय आसा ता तुमीच सांगा," ते म्हणाले.

बाई त्यांच्याबरोबर घरी गेल्या. दुर्वा पडवीत उभी होती, कोरड्या कपड्यांत, दोन्ही हात छातीशी धरून. डोळे खोल गेलेले. बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, पाणी कुणाला न्यायचंय?

"तिघं आहेत," दुर्वा म्हणाली. "ऊन वाढतंय, बाई. हे सुकून जाईल."

बाहेर पाऊस मी म्हणत होता. समोरचा डोंगरसुद्धा दिसत नव्हता. तरी बाईंना त्या क्षणी पाठीवर ऊन चरचरल्याचा भास झाला.

त्याच दुपारी त्यांनी जोधपूरला फोन लावला. पट्ट्या तयार करणाऱ्या गटाच्या प्रमुख डॉ. शर्मिष्ठा वागळे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही, म्हणजे असे फोन आधीही आले असावेत. त्या म्हणाल्या, की प्रत्येक जाणिवेला शेवट असतो. भूक खाल्ल्यावर निवते, भीती बिळात शिरल्यावर. शेवट मिळाला की मुलाचं मन ती जाणीव सोडून देतं. पण दुर्वाला मिळालेल्या टिपणाला, त्या टिपकानं नोंदलेल्या जाणिवेला, शेवट नाही.

"का नाही?" बाईंनी विचारलं.

मग वागळेंनी सांगितलं. टिपक त्याच दिवशी परत हवा होता, म्हणून पक्षी पाणवठ्यावरून उडाला तेव्हाच वाटेत जाळ्यात धरला. टिपक काढला, जखमेला औषध लावलं, पिंजऱ्यात ठेवला आणि संध्याकाळी सोडून दिला.

"आणि पिल्लं?"

"घरटं कुठे होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. जेठातलं ऊन होतं. पिल्लांची दुपारही निघाली नसेल."

यावर उपाय मात्र त्यांच्याजवळ तयार होता. दुसऱ्या एका नराचं टिपण त्यांनी याला जोडलं होतं. त्यात बाप पोचतो, पिल्लं पाणी पितात, ओढ शमते. बाकीच्या शाळांत ते देणं सुरूही झालं होतं. मुलं झोपायला लागली होती, जेवायला लागली होती.

नवं टिपण आलं, तेव्हा बाईंनी आधी स्वतःच्या मानेवर पट्टी लावली. पोरीला काय देतोय ते आपल्याला कळायला हवं, असं त्यांना वाटलं. पाण्याचा गार जडपणा, पंखांखालची गरम हवा, मग खाली अंगाला भिडणाऱ्या इवल्या चोची. बाईंना मूल नव्हतं. पट्टी काढून त्या बराच वेळ पदरात तोंड खुपसून बसल्या.

दुसऱ्या दिवशी परबांच्या पडवीत त्यांनी ती दुर्वाला लावली. तिचा चेहरा हळूहळू सैलावत गेला. आई दाराआड हात जोडून उभी होती. आणि एकाएकी दुर्वानं पट्टी ओरबाडून काढली.

"ही पिल्लं माझी नाहीत. कुणाचीतरी दुसऱ्याचीच आहेत."

वडिलांनी नजरेनंच विनवलं, की आणखी एकदा लावून बघा. बाईंचा हात पुढेही झाला. पण पोरीच्या डोळ्यांत बघून त्यांना ते जमेना. त्या खाली जमिनीवर तिच्यासमोर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. जाळं, पिंजरा, जेठातली दुपार. काही वगळलं नाही.

दुर्वानं जो हंबरडा फोडला, तो दहा वर्षांच्या मुलीचा नव्हता. परबांनी तिला उचलून छातीशी धरलं. दिवेलागणीला ती रडतारडताच झोपली, गाढ. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिनं पेज मागून घेतली आणि व्हाळाकडे पाऊलही टाकलं नाही.

वागळेंना हे कळवल्यावर त्यांनी बजावलं, की खरी गोष्ट इतर मुलांपर्यंत जाता कामा नये. ती सगळी बरी आहेत, विसरलीसुद्धा आहेत. बाईंनी फोन ठेवला. कोणती मुलं बरी झाली म्हणायची, हे त्यांना ठरवता येईना.

दुर्वा शाळेत येऊ लागली. नेहमीसारखी खेळायची, फक्त मधूनच गप्प व्हायची. एकदा मधल्या सुट्टीत ती बाईंच्या टेबलाशी आली.

"बाई, त्याला संध्याकाळी सोडल्यावर तो कुठे गेला?"

बाईंनी हा प्रश्न फोनवर विचारला होता. पक्षी सरळ पाणवठ्याकडे उडाला, पोट भिजवून बसला आणि अंधार पडता पडता निघून गेला. टिपक काढलेला असल्यामुळे पुढचं कुणालाच कळलं नाही. बाईंनी तिला तेही सांगितलं.

दुर्वानं खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस उघडला होता आणि मैदानावर कोवळं ऊन पसरत होतं.

"मला तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगितलं?"